हवा धरलेली मोटर

त्या उन्हाळ्यात माझा जीव एका आकड्यावर टांगलेला होता. कॉम्प्युटरच्या स्क्रीनवर, उजव्या कोपऱ्यात, प्रोसेसरचं तापमान दिसायचं. आकडा ऐंशीच्या पुढं गेला की मी हातातलं काम सोडून त्याच्याकडंच बघत बसायचो. पंच्याण्णव झाला की मी उठून उगाच पंख्याचं बटण दाबून पाहायचो, जसा काही तो आणखी जोरात फिरणार होता. आणि शंभर झाला की कॉम्प्युटर फट्‌दिशी बंद. मग सगळं पहिल्यापासून.

धाड गावात बाजाराच्या रस्त्यावर माझं मिक्सिंगचं दुकान होतं. आसपासच्या खेड्यांतले शूटिंगवाले लग्नं शूट करून मला आणून द्यायचे आणि मी त्यातून अडीच तासांची फिल्म काढायचो. नवरीचं नाव सोनेरी अक्षरांत गरगर फिरतं, नवरदेवावर गुलाबाच्या पाकळ्या पडतात, तसली. हसायचं तर हसा, सगळे हसतात. पण फिल्म जोडून झाली की शेवटी ती तयार होऊन बाहेर पडायला कॉम्प्युटरला चार-पाच तास एकट्याला राबावं लागतं, आणि तेच त्याला जमत नव्हतं. वर पत्रा, बाहेर चव्वेचाळीस डिग्री. तीन तासांच्या आत तो मान टाकायचा.

गिऱ्हाइकं फोन करकरून जीव खायची, ते मी सहन केलं असतं. दुकान महिनाभर बंदही ठेवलं असतं. पण माझ्या पाठीमागं प्लास्टिकच्या खुर्चीवर बाबा बसलेले असायचे, आणि त्यांना रोज तिथं बसवता यावं म्हणून मला दुकान चालू पाहिजे होतं. दुसरं कारण नव्हतं.

कपाशीचं बीटी बियाणं नवं आलं तेव्हा आमच्या शिवारात ते ज्यांनी पहिल्यांदा लावलं, त्यांत बाबा होते. नुसतं लावलं नाही, लोकांना हाताला धरून वावरात नेलं, बोंडं फोडून दाखवली. पाहा, अळी हाये का कुठं. तशी बाबांच्या शब्दाला गावात किंमत होती. विहिरीवरच्या मोटरनं पाणी उचललं नाही की माणसं आधी बाबांना बोलवायची, मिस्त्रीला नंतर. बाबा पाइपाला कान लावायचे आणि काय झालं ते सांगायचे. असा माणूस म्हणतो तर बियाणं चांगलंच असणार, असं म्हणून अर्ध्या शिवारानं बीटी लावली. बरीच वर्षं सगळं ठीक चाललं. मग त्या उन्हाळ्याआधीच्या हंगामात गुलाबी अळी आली. बोंड वरून हिरवंगार आणि फोडलं की आत किडा. बाबांनी कपाशीच्या उभ्या पऱ्हाटीत रोटाव्हेटर फिरवला, घरी आले, हातपाय धुतले आणि त्या दिवसापासून बोलायचे बंद झाले.

आमच्यावर कर्ज नव्हतं. म्हणूनच आमची काळजी कोणाला वाटली नाही. ज्याच्यावर कर्ज आहे त्याच्याकडं चार लोक तरी येऊन बसत होते. बाबांचं दुखणं दुसरंच होतं. एकदाच ते मायजवळ बोलले, भाकरी कुस्करता कुस्करता.

"म्या सांगतलं होतं लोकाले," ते म्हणाले. बस, एवढंच.

मायनं ते मला सांगितलं आणि माझी झोप उडाली. त्या वर्षी आमच्याकडं सकाळी फोन वाजला की लोक 'कोण बोलतंय' न विचारता आधी 'कोण गेलं' विचारायचे. मी काय केलं ते सांगतो. फवारणीच्या औषधाचे उरलेले डबे कृषी केंद्रवाल्याच्या हातापाया पडून परत दिले. आणि घरातला, गोठ्यातला, झाडून सगळा दोर एका पोत्यात भरला आणि दुकानाशेजारच्या चाचांकडं नेऊन ठेवला. बैलांचे कासरे, विहिरीचा सोल, गायीचं दावंसुद्धा. मायला सांगितलं की बाजारातून नवीन आणतो. आणले मात्र नाही. माय बिचारी गायीला जुन्या लुगड्याच्या पट्ट्यांनी बांधत होती आणि विचारणाऱ्याला काहीबाही सांगत होती.

मग बाबांना म्हणालो, दुकानात कोणीतरी पायजे, मले मेमरी कार्डं आणाले जावं लागते. ते दुसऱ्या दिवसापासून माझ्यामागं चालत यायला लागले आणि त्या खुर्चीवर बसायला लागले. मी काम करत असायचो, पण पाठीला डोळे फुटल्यासारखं माझं सगळं लक्ष मागं. खुर्ची करकरली की मान वळायची.

शेजारचे चाचा पिंजारी. गाद्या, रजया, उशा. त्यांचं कापूस पिंजायचं मशीन चालू झालं की आमच्या भिंतीसुद्धा थरथरायच्या, आणि त्यातून उडणारी रुई थेट माझ्या दुकानात. कॉम्प्युटर उघडला की आत प्रोसेसरवरच्या पंख्याखाली, त्या बारीक पात्यांत, रुईची अशी घट्ट गादी बसलेली असायची की चिमट्यानं ओढली तर अख्खी वडीच बाहेर यायची. हवा जायला जागाच नाही, तर प्रोसेसर तापणार नाही तर काय होईल?

"बेटा, कूलर लगा दे सामने," चाचा म्हणाले. "मशीन भी थंडी, अब्बा भी थंडे."

लावला. डेझर्ट कूलरच्या ओलसर हवेनं रुई आणखीनच चिकटून बसायला लागली. दोन दिवसांत कूलर घरी पाठवला, मायच्या कामाला आला.

मग प्रोसेसरसाठीच चांगला कूलर घ्यायचं ठरवलं, आणि तिथून माझी खरी फरफट सुरू झाली. कारण त्यात दोन जाती. एक हवेचा, तांब्याच्या नळ्या आणि पत्र्याच्या पात्यांचा उभा ठोकळा, त्याला पंखा. दुसरा पाण्याचा. त्यात प्रोसेसरवर एक लहानशी मोटर बसते, ती पाणी फिरवते. गरम पाणी नळीतून बाहेर एका रेडिएटरमध्ये जातं, तिथं पंख्यांनी थंड होतं आणि दुसऱ्या नळीतून परत येतं. सगळं सीलबंद, पाणी भरायचं काम नाही.

मी आठ दिवस मोबाइलवर व्हिडिओ पाहिले. सगळे म्हणायचे, हवेचा घ्या, त्यात बिघडायला काही नाही. मला ते पटायचं. मग लक्षात आलं की या लोकांच्या खोलीत एसी आहे. त्यांची खोली बावीस डिग्री, माझी चव्वेचाळीस. कोणताही कूलर खोलीपेक्षा थंड करू शकत नाही, तो फक्त आतली गरमी बाहेर टाकतो. शिवाय हवेचा ठोकळा म्हणजे पुन्हा कॉम्प्युटरच्या पेटीच्या आत पाती आणि पात्यांत रुई. पाण्याच्या कूलरचा रेडिएटर मात्र पेटीच्या बाहेर काढून ठेवता आला असता, रोज सकाळी ब्रशनं झाडता आला असता. म्हणजे पाण्याचाच. एवढं ठरवून मी झोपायला जायचो आणि डोळ्यांसमोर यायचं, नळी फुटली आहे, पाणी थेंब थेंब बोर्डावर पडतं आहे, काळा धूर, दुकान बंद, आणि रिकामी खुर्ची. सकाळी उठून पुन्हा हवेचा.

कोणाला विचारणार? चाचांना विचारलं तर म्हणाले, "पानी और बिजली एकसाथ? तौबा." मायला विचारलं तर म्हणाली, "तुले जे समजते ते कर, पन बाबाकडं लक्ष ठेव." बाबांना विचारावं असं माझ्या मनातही आलं नाही. लाज वाटते सांगायला, पण खरं आहे.

आमच्या पिनकोडवर कुरिअर येत नव्हतं. औरंगाबादला जाणं भाग होतं. म्हणजे पूर्ण एक दिवस बाबा माझ्या नजरेआड. चाचांना दहादा बजावलं, त्यांनी छातीवर हात ठेवून हो म्हटलं, तरी एसटीत बसल्यावर मी खिडकीतून मागंच पाहत राहिलो. भोकरदनच्या स्टँडवर गाडी थांबली तेव्हा उतरून परत जावं असं एकदा वाटलं. उतरलोसुद्धा. कंडक्टरनं बेल मारली तेव्हा पुन्हा चढलो.

दुकानदार चांगला होता, पण घाईत होता. पाण्याचा घ्यायचा तर एक पंख्याचा, दोन पंख्यांचा की तीन, त्यानं विचारलं. मी शिंप्याच्या टेपनं पेटी मोजून कागद नेला होता, तो घामानं भिजला होता. तीनवाला फार लांब. एकवाला तुमच्या प्रोसेसरला पुरणार नाही, तो म्हणाला, बरं तिकडं ऊन किती? मी सांगितलं. त्यानं एकवाला डबा परत मांडणीवर ठेवला.

मी चाचांना फोन लावला. वाजत राहिला. परत लावला.

"गळत नाही ना हो?" मी विचारलं.

"दादा, पाचव्यांदा विचारताय. गळलं तर आणून द्या, बदलून देतो."

"गळल्यावर काय आणून देऊ? राख?"

तो हसला. मी नाही हसलो, कारण चाचा फोन उचलत नव्हते. चार, पाच, सहा. मला दिसत होतं की मशीन चालू असेल, त्या आवाजात बॉम्ब फुटला तरी त्यांना ऐकू जात नाही. हे मला माहीत होतं आणि तरी मी पुन्हा पुन्हा तोच नंबर दाबत होतो. समोर काउंटरवर दोन डबे. हवेचा आणि पाण्याचा, दोन पंख्यांचा. आठ दिवसांचा सगळा अभ्यास डोक्यातून पुसून गेला. जो हाताला लागला तो उचलला. बाहेर येऊन पाहिलं तर पाण्याचा होता. अशी माझी निवड. लोक विचारतात, पाण्याचाच काऊन घेतला, तेव्हा मी रुईचं कारण सांगतो. ते खोटं नाही, पण पूर्ण खरंही नाही.

बस धाडच्या जवळ आली तेव्हा चाचांचा फोन आला. बाबांना घेऊन ते स्टँडवर चहा प्यायला गेले होते आणि मोबाइल गादीत राहिला होता. गादीत म्हणजे गादीच्या आत, कापसात. शिवताना गेला. मी त्यांना नको ते बोललो आणि मग फोन ठेवून खिडकीकडं तोंड करून रडलो. शेजारच्या बाईनं मला पाण्याची बाटली दिली.

दुसऱ्या दिवशी कूलर बसवला. आता माझी चूक ऐका. मोटर प्रोसेसरवर बसवली, पेटीचा बाजूचा पत्रा काढला आणि दोन्ही नळ्या बाहेर घेतल्या. रेडिएटर कुठं ठेवावा? माझ्या डोक्यात एकच भीती, गळलं तर. म्हणून तो पेटीच्या शेजारी, टेबलावर, होईल तितका खाली ठेवला. घरून मायची पोळ्यांची स्टीलची परात आणली, तिच्यात दोन विटांचे तुकडे टाकले आणि त्यांवर रेडिएटर आडवा निजवला. गळलं तर परातीत गळेल, बोर्ड वाचेल. मला माझ्या अकलेचं इतकं कौतुक वाटलं की मी फोटो काढला. परातीवर दोन पंखे निळा-जांभळा उजेड पाडत फिरायला लागले. तसला दिवेवालाच डबा हाताला लागला होता. चाचा दारातून बघून म्हणाले, "वा, उरूस लग गया."

पहिल्या दिवशी आकडा सत्तरच्या वर गेला नाही. पूर्ण फिल्म निघाली. मी बाबांकडं वळून सांगितलं, "झालं बाबा, निघाली." ते भिंतीकडं पाहत होते.

तिसऱ्या दिवशी दुपारी मशीनमधून खळखळ ऐकू यायला लागली. आधी वाटलं, बाहेर कोणी भांडी विसळतंय. मग आकडा चढायला लागला. पंचाहत्तर, ब्याऐंशी, नव्वद. मी परात तपासली, कोरडी ठणठणीत. नळ्या चाचपल्या, एक गरम, एक तशीच गार. पंखे फिरत होते, दिवे मजेत लागले होते. शंभर झाला आणि सगळं बंद.

पुन्हा चालू केलं, पुन्हा तेच. मी डोकं धरून बसलो. मोटर खराब निघाली, दुसरं काय? म्हणजे पुन्हा औरंगाबाद, पुन्हा पूर्ण दिवस, पुन्हा तो वाजत राहणारा फोन. आणि ते बदलून मिळेपर्यंत दुकान बंद, बाबा घरी, घरून वावर. मला सुधरेना. मी मशीन पुन्हा चालू केलं, का केलं माहीत नाही, आणि ती खळखळ ऐकत बसलो.

मागं खुर्ची करकरली. मी वळेपर्यंत बाबा माझ्या खांद्याशी उभे होते. मान तिरपी, कान पेटीच्या बाजूला.

"मोटरनं हवा धरली," ते म्हणाले.

चार महिन्यांनी त्यांचा आवाज माझ्याशी बोलला होता. मी म्हणालो, "हे सीलबंद असते बाबा. याच्यात हवा नाही जात."

"जात नाही, असते. थोडी तरी असतेच. नळी हालवली, विटांवर निजवली, ते हवा कुठं जाईन?" त्यांनी बोटानं मोटर दाखवली, मग परात. "तुही टाकी खाली अन् मोटर वर. हवा वर जाते का खाली? सगळी येऊन मोटरीत बसली. मोटर पाणी सोडून हवाच घुसळून राह्यली. कोणं लावलं असं उलटं?"

"मीच. गळलं तर परातीत पडीन म्हणून."

त्यांनी परातीकडं पाहिलं. हसले नाहीत, पण तोंड हसण्याच्या जवळ जाऊन आलं.

मग त्यांनी दोन्ही हातांनी रेडिएटर परातीतून उचलला आणि नळ्या पुरतील तितका वर, खांद्यापर्यंत नेला. तिरपा केला. मशीन चालूच होतं, मी नको नको म्हणत होतो. त्यांनी बोटाच्या पेरानं नळीवर टकटक केलं, जसं विहिरीच्या पाइपावर करायचे. आत एकदम गुडगुड झालं, काहीतरी वर गेल्यासारखं, आणि मग आवाज बंद. साफ बंद. आकडा एक्क्याण्णव होता. अठ्ठ्याऐंशी झाला. एकोणऐंशी. अडुसष्ट.

"आता याले इथंच टांगावं लागते," बाबा म्हणाले. "वर पत्र्याचा पाइप हाये, त्याले. दोर आन."

माझ्या हातातला माउस निसटला.

"वायरनं बांधतो ना बाबा, माझ्याकडं वायर हाये."

"वायर सरकते. दोर पायजे."

"सुतळी आणतो, समोरून."

"सुतळीनं काय होते? आपला दोर आन." ते माझ्याकडं न बघता, रेडिएटरकडं बघत बोलत होते. "चाचाच्या मागच्या खोलीत पोतं हाये. त्याच्यातला सोल आन, विहिरीचा."

मला जमिनीनं गिळावं असं झालं. मी तिथंच उभा राहिलो. चाचांच्या मागच्या खोलीपर्यंत जायचं म्हणजे रस्त्यावर जायचं, त्यांचं दुकान ओलांडायचं, पोतं उघडायचं. तीस-चाळीस पावलं जाऊन यायची, आणि तेवढा वेळ बाबा इथं एकटे.

"जाय ना," बाबा म्हणाले. "मी हे धरून उभा हाये. कुठं जातो?"

मी गेलो. पळतच गेलो. चाचांनी काय झालं विचारलं, तोवर मी मागच्या खोलीत होतो. पोतं उघडून सोल शोधत बसायला वेळ नव्हता, म्हणून अख्खं पोतंच फरफटत आणलं. दारात आलो तर बाबा तसेच उभे. दोन्ही हात वर, दंड थरथरत होते, घाम नाकावरून खाली येत होता, आणि पंख्यांचा तो निळा-जांभळा उजेड त्यांच्या तोंडावर पडत होता.

मी रेडिएटर धरला. त्यांनी सोल घेतला, स्टुलावर चढले आणि वरच्या पाइपाला टाकला. मी वर पाहिलं नाही. मला पाहवलंच नाही. विहिरीत मोटर सोडताना जी गाठ मारतात ती त्यांनी मारली, ओढून पाहिली, पुन्हा मारली, आणि खाली उतरले. स्टूल जागेवर ठेवलं. रेडिएटर पत्र्याखाली लटकत होता आणि आकडा चौसष्टवर थांबला होता.

बाबा पोत्याजवळ बसले. एकेक दोर बाहेर काढून गुंडाळायला लागले. कासरे वेगळे, दावं वेगळं.

"घरी नेतो हे," ते म्हणाले. "गायीले लुगड्यानं बांधून ठेवलं तुम्ही. लोक पाहून राह्यले. गाय काय म्हणत असीन?"

मी मान हलवली.

फिल्म पूर्ण होईस्तोवर आम्ही दोघं बसलो. संध्याकाळी दुकानाचं शटर ओढलं आणि घराकडं निघालो. पोतं बाबांच्या खांद्यावर होतं. ते मागून घ्यावं, मीच उचलतो म्हणावं, असं मला दर पावलाला वाटत होतं. घर येईपर्यंत मी ते मागितलं नाही.